भाड्याच्या स्टेजचा इतिहास

कुवेत शहरातून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला निघालं, की फहाहीलच्या बरंच अलीकडे फिंतास लागतं. आज तिथे उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत आणि त्या इमारतींमधून राहणारी कितीतरी भारतीय कुटुंबं आहेत. तेलाच्या आधी मात्र हे किनाऱ्यावरचं छोटं गाव होतं. विहिरी, खजुराची झाडं, थोडीफार शेती. अरबीत 'फिंतास' म्हणजे जहाजावर पिण्याचं गोडं पाणी साठवण्याची टाकी. मुंबई आणि मलबारपर्यंत जाणाऱ्या जुन्या शिडाच्या जहाजांवर ही टाकी असायचीच.

फिंतासमध्ये वाढलेल्या एखाद्या मराठी मुलाला किंवा मुलीला विचारून बघा, तुमच्या गावातलं नाट्यगृह कुठलं? बहुधा आधी हसू येईल. मग आठवेल तो कुठल्यातरी शाळेचा हॉल. गणपतीत किंवा दिवाळीच्या आगेमागे बुक केलेला, मागे सरकवलेली बाकं, पहिल्या रांगेत पाहुणे, आणि विंगेत आपलीच आई कागद हातात घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी. हे नाट्यगृह म्हणायचं का? आपण म्हणत नाही. 'हॉल घेतला होता' म्हणतो.

तुम्ही फिंतासऐवजी मस्कतला, दोह्याला किंवा न्यू जर्सीत वाढला असाल, तरी चित्र फार वेगळं नसणार. या लेखात मला या 'हॉल घेतला होता'चा इतिहास सांगायचा आहे. कारण माझं म्हणणं असं आहे, की भाड्याच्या जागेत होणारं नाटक हे खऱ्या नाटकाचं परदेशातलं दुय्यम रूप नव्हे. मराठी नाटकाचा जन्मच अशा उसन्या आणि भाड्याच्या जागांमध्ये झाला. फरक एवढाच, की त्या जागांबद्दल कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून तो आज इतिहास आहे.

कंपनीचं गाव

फिंतासहून गाडीने थोडं आत, वाळवंटाच्या बाजूला गेलात की अहमदी येतं. तिथे एक खरंखुरं छोटं नाट्यगृह आहे. कुवेत लिटल थिएटर. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तेल कंपनीतली इंग्रज मंडळी इथे हौसेने इंग्रजी नाटकं करायला लागली. नट हौशी, दिग्दर्शक हौशी, तिकीट विकणाराही हौशी. फिंतासच्या पंचक्रोशीतली नाटकाची सर्वात जुनी जागा शोधायची तर ती ही, आणि म्हणून सुरुवात इथून करूया.

हे गाव कसं उभं राहिलं ते आधी बघावं लागेल. १९३८ साली बुरगानला तेल लागलं, पण मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि काम थांबलं. कुवेतच्या तेलाचं पहिलं जहाज निघालं ते ३० जून १९४६ ला. तेव्हाचे शासक शेख अहमद अल-जाबेर यांच्या नावावरून तेल कंपनीच्या नव्या वसाहतीला अहमदी हे नाव मिळालं. कुवेत ऑइल कंपनी तेव्हा निम्मी ब्रिटिश, निम्मी अमेरिकन. गावाचा आराखडा केला जेम्स मॉलिसन विल्सन या ब्रिटिश वास्तुरचनाकाराने. हा माणूस तरुणपणी नवी दिल्लीच्या कामात लट्यन्सच्या हाताखाली होता. म्हणजे दिल्लीत साहेबांचे बंगले कुठे आणि कारकुनांची घरं कुठे हे ज्या पद्धतीने ठरलं, ती पद्धत त्याच्या चांगली ओळखीची होती.

अहमदीत तेच झालं. उत्तरेला ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी. मधल्या भागात भारतीय आणि पाकिस्तानी कारकून, तंत्रज्ञ. दक्षिणेला अरब कामगारांची वस्ती. घर केवढं, बाग आहे की नाही, संध्याकाळी कुठल्या क्लबात जायचं, हे सगळं कंपनीतल्या हुद्द्यावर ठरायचं, आणि हुद्दा बराचसा तुम्ही कुठून आलात त्यावर. लिटल थिएटर उगवलं ते या गावाच्या उत्तरेकडच्या जगातून.

मला त्या इंग्रज हौशी नटांची टिंगल करायची नाही. घरापासून हजारो मैलांवर, उन्हाळ्यात पन्नास अंशांजवळ जाणाऱ्या उकाड्यात, दिवसभर टाक्या आणि पाइपांची कामं करून संध्याकाळी तालमीला जमणारी माणसं होती ती. तुमचे आईबाबा ज्या कारणासाठी जमायचे, त्याच कारणासाठी तीही जमत होती. पण एक फरक लक्षात घ्या. ज्या गावात जमीन, वीज, पाणी आणि रस्ते सगळं कंपनीचं, तिथे नाटकाला कायमची जागा मिळणं म्हणजे कंपनीच्या लेखी तुम्ही 'इथले' असणं. मधल्या भागातल्या माणसांचा कंपनीशी संबंध कंत्राटापुरता होता.

मुंबईहून आलेली माणसं

मधल्या भागात भारतीयच का? कारण कुवेत आणि मुंबई यांचं नातं तेलाच्या फार आधीचं आहे. १८९९ च्या करारानंतर कुवेतचा परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हातात गेला, आणि आखातातला ब्रिटिश कारभार चालायचा तो हिंदुस्थान सरकारमार्फत. कुवेतच्या बाजारात १९६१ पर्यंत रुपया चालत होता. एप्रिल १९६१ मध्ये दिनार आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये देश स्वतंत्र झाला. मोत्यांचे कुवेती व्यापारी मुंबईत पेढ्या ठेवून होते. तेव्हा इंग्रजीत पत्र टाइप करणारा, हिशेब ठेवणारा, यंत्र दुरुस्त करणारा माणूस हवा झाला, की कंपनीची नजर मुंबईकडे जाणं अगदी साहजिक होतं.

या नात्यात फक्त पैसा आणि कारकून नव्हते. कुवेती 'सौत' या गायनप्रकाराचा जनक ज्याला मानतात, तो कवी आणि गायक अब्दुल्ला अल-फराज याचा जन्म १८३६ च्या सुमाराचा. वडील श्रीमंत व्यापारी. तो वाढला मुंबईत, संगीत शिकला तेही मुंबईत. पुढे संपत्ती गेली आणि तो कुवेतला परतला, पण गाणं बरोबर घेऊन. म्हणजे कुवेती आपलं म्हणून जे संगीत आज अभिमानाने सांगतात, त्याच्या मुळाशी मुंबईतली काही वर्षं आहेत.

अल-फराजच्या तरुणपणी, म्हणजे १८५० च्या आसपास, मुंबईत नाटकाचं काय चाललं होतं? इथे आपली गोष्ट पुन्हा नाट्यगृहाकडे येते. कारण अहमदीच्या लिटल थिएटरचा एक पूर्वज मुंबईत होता, आणि त्याचं पुढे जे झालं ते आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

ग्रँट रोडला कुणी जायचं?

१७७६ साली मुंबईच्या किल्ल्यात, 'बॉम्बे ग्रीन' नावाच्या मोकळ्या मैदानाजवळ, इंग्रजांनी एक थिएटर बांधलं. तिथेही नट हौशी. ईस्ट इंडिया कंपनीतले अधिकारी, व्यापारी, त्यांचे मित्र. थिएटर कर्जात गेलं आणि १८३५ मध्ये विकलं गेलं. शहरातल्या लोकांना पुन्हा नाट्यगृह हवं होतं. जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली आणि १८४६ मध्ये ग्रँट रोडला नवं थिएटर उभं राहिलं.

गंमत पुढेच आहे. ग्रँट रोड तेव्हा किल्ल्यापासून लांब, गावठाणाच्या टोकाला. साहेब लोकांना रात्री तेवढ्या लांब, 'नेटिव्ह टाउन'मधून बग्गी हाकत जायचं नको वाटे. इंग्रजी नाटकांना पुरेसे प्रेक्षक मिळेनात. रिकामं थिएटर म्हणजे रोजचा तोटा. मग ते भाड्याने मिळायला लागलं, आणि भाडं भरायला पुढे आल्या त्या मराठी, गुजराती, पारशी मंडळ्या. साहेबांसाठी बांधलेली इमारत साहेब आले नाहीत म्हणून आपल्याला मिळाली.

१८५३ साली इथे तिकीट लावून मराठी नाटक करणारे गृहस्थ सांगलीहून आले होते. विष्णू अमृत भावे, म्हणजे आपण ज्यांना विष्णुदास भावे म्हणतो ते.

शाळेत मराठी शिकला असाल तर १८४३, सांगली, 'सीतास्वयंवर' हे तुम्ही पाठ केलं असेल. पण त्यात जागेचा प्रश्न कुणी शिकवत नाही. तो प्रयोग नाट्यगृहात झालाच नाही, कारण नाट्यगृह नव्हतंच. तो झाला संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, त्यांच्या दरबाराच्या जागेत. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. तसं काहीतरी आपल्या भाषेत व्हावं ही राजांची इच्छा. म्हणजे आपलं 'पहिलं' नाटक दुसऱ्याच्या घरी झालं, आणि त्याची प्रेरणा पाहुण्या मंडळींच्या खेळातून आली.

१८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. विष्णुदासांच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि नट पोसायचे होते. म्हणून ते सांगली सोडून गावोगाव निघाले. मराठी व्यावसायिक नाटक सुरू झालं ते अशा घर सुटलेल्या माणसाच्या गरजेतून. ज्याच्याकडे हक्काची जागा नाही, त्याने जागा भाड्याने घ्यायची, भाडं निघावं म्हणून तिकीट लावायचं, आणि तिकीट खपावं म्हणून नाटक चांगलं करायचं. मंडळाच्या खजिनदाराला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बिऱ्हाड पाठीवर

पुढची किमान साठ-सत्तर वर्षं मराठी नाटक असंच जगलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झालं. किर्लोस्कर नाटक मंडळीकडे पडदे होते, पेट्या होत्या, स्वयंपाकी होते, पण तिचं बिऱ्हाड कायम फिरतं. एका गावी मुक्काम, मिळेल ते थिएटर, नाही मिळालं तर मांडव. खेळ संपले की पडदे गुंडाळायचे, सामान गाडीत भरायचं, पुढचं गाव.

शब्दांकडे बघा. 'नाटक मंडळी', नंतर 'नाटक कंपनी'. मंडळी म्हणजे एकत्र आलेली माणसं. 'महाराष्ट्र मंडळ' हा शब्द त्याच कुळातला. आपण परदेशात गेल्यावर इमारत नसताना आधी मंडळ काढतो, याचं कारण बहुधा हेच आहे. आपल्या सवयीत आधी माणसं येतात, जागा मागाहून.

हक्काच्या वास्तू आल्या, पण उशिरा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं ते १९१५ साली. ते राजाने बांधलेलं. पुढे १९५७ मध्ये त्याला कोल्हापूरचेच गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. पुण्यात महानगरपालिकेचं बालगंधर्व रंगमंदिर उघडलं ते जून १९६८ मध्ये. १८४३ पासून मोजा. सव्वाशे वर्षं होतात. ज्या पुण्याला आपण नाटकाचं गाव म्हणतो, त्या पुण्यात नागरिकांच्या पैशातून उभी राहिलेली अशी मोठी वास्तू यायला सव्वाशे वर्षं लागली. मग कुवेतच्या मंडळाकडे स्वतःचं सभागृह नाही याची खंत वाटायचं कारण नाही. निदान घाई तरी नाही.

आणि वास्तू म्हणजे कायमचं, असंही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं तेच केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. नाट्यगृहासमोर रडणाऱ्या कलावंतांचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. शंभरहून जास्त वर्षांचं लाकूड एका रात्रीत गेलं. पण तिथे कोण गायलं, कुणी काय केलं, हे गेलं नाही. ते आत्मचरित्रांमधून आहे, जाहिरातींमधून आहे, वर्तमानपत्रांच्या फायलींमधून आहे. म्हणूनच ती वास्तू पुन्हा उभी करा असं लोक म्हणू शकतात. काय हरवलं हे त्यांना नीट सांगता येतं.

कुवेती नाटकही शाळेतूनच आलं

आता तुम्ही म्हणाल, हे झालं आपलं. ज्या देशात आपण वाढलो, त्या देशाचं काय? हा प्रश्न आपण फार कमी विचारतो. आखातात वाढलेली आपली मुलं ग्रीक शोकांतिकेबद्दल चार वाक्यं बोलतात, पण कुवेत हे अख्ख्या आखाती अरब जगातलं नाटकाचं मोठं केंद्र आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

कुवेती नाटकाची सुरुवात झाली ती शाळेच्या स्टेजवर. १९११ साली सुरू झालेल्या मुबारकिया शाळेच्या पिढीतून आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आलेल्या अरब शिक्षकांच्या पुढाकारातून मुलांची नाटकं व्हायला लागली. पुढे १९५० च्या दशकात मोहम्मद अल-नश्मी यांनी बोली भाषेतलं, बरंचसं ऐन वेळी सुचेल तसं बोलून रंगवलेलं लोकनाट्य लोकप्रिय केलं. स्त्रिया स्टेजवर नव्हत्या. बायकांची कामं पुरुष करायचे, आणि अब्दुलअझीझ अल-निम्श हा नट म्हाताऱ्या बायकांच्या भूमिकांमुळे घराघरात लाडका झाला.

हे वाचताना बालगंधर्व आठवले ना? साहजिक आहे. आपल्याकडे सभ्य घरातल्या स्त्रीने नटांबरोबर स्टेजवर उभं राहावं की नाही, हा वाद अनेक दशकं चालला. 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या आणि वातावरण बदलायला लागलं. कुवेतमध्ये तो क्षण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. सरकारने इजिप्तचे नामवंत दिग्दर्शक झकी तुलैमात यांना बोलावलं, १९६१ मध्ये 'अरब थिएटर' ही मंडळी निघाली, आणि तिच्या नाटकात मरियम अल-सालेह आणि मरियम अल-गदबान या दोघी कुवेती स्त्रिया रंगमंचावर आल्या. आपल्यात आणि त्यांच्यात अंतर जेमतेम तीस वर्षांचं.

नंतर आणखी मंडळ्या आल्या. १९६३ मध्ये गल्फ थिएटर, १९६४ मध्ये कुवेती थिएटर. तेलाचा पैसा सरकारकडे आला होता आणि सरकार नाटकाला मदत करत होतं. अब्दुलहुसेन अब्दुलरिदा या नटाचं १९८१ चं 'बाय बाय लंडन' आखातभर गाजलं. २०१७ मध्ये तो वारला, आणि आता सालमियातल्या नाट्यगृहाला त्याचं नाव आहे. २०१६ मध्ये कुवेत शहरात समुद्राकाठी शेख जाबेर अल-अहमद कल्चरल सेंटर हे भव्य संकुल उघडलं. फिंतासहून ते सरळ रस्त्याने गाठता येतं. तिथे गेलात तर एवढं लक्षात ठेवा, की या संगमरवरी लॉबीची सुरुवात एका शाळेच्या हॉलमध्ये आहे, मिशी लपवून आजीचं काम करणाऱ्या नटांमध्ये आहे. तुमच्या मंडळाच्या नाटकासारखीच.

मग आपलं काय राहिलं?

इथवर मी जागांबद्दल बोललो. आता कागदांबद्दल बोलूया, कारण इतिहास लिहिणाऱ्याला शेवटी कागद लागतो.

अहमदीचा इतिहास लिहायचा असेल, तर कुठे जायचं हे ठरलेलं आहे. बीपी कंपनीचं दफ्तर इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या आवारात आहे. कुवेतमधल्या ब्रिटिश प्रतिनिधींच्या फायली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा कतार डिजिटल लायब्ररीमुळे घरबसल्या वाचता येतात. जरूर वाचा, फार मजेदार वाचन आहे. पण त्या कागदांत माणसं कशी येतात ते बघा. अधिकारी नावाने येतात. त्यांची बदली, त्यांची बाग, त्यांचा क्लब, त्यांच्या तक्रारी. मुंबईहून आलेला कारकून येतो तो प्रामुख्याने संख्येत. इतके भरती केले, इतक्यांची कंत्राटं संपली, पगाराचा खर्च इतका. तो संध्याकाळी खोलीवर जाऊन कुठलं पद गुणगुणत होता, याची नोंद ठेवण्याचं कंपनीला काही कारण नव्हतं.

१९७५ मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. भारतीयांची संख्या वाढत गेली. डॉक्टर, इंजिनियर, नर्स, बँकेतले लोक, ड्रायव्हर, दुकानदार. मग २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य आत आलं. पुढच्या काही आठवड्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय बाहेर पडले, बरेचसे बसने इराकमार्गे जॉर्डनला आणि तिथून अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. त्या प्रवासाच्या कथा तुमच्यापैकी काहींच्या घरी सांगितल्या जात असतील. जरा कल्पना करा, त्या वेळी बॅगेत काय भरलं असेल? पासपोर्ट, दागिने, पोरांची सर्टिफिकेटं. गेल्या वर्षीच्या नाटकाचं हस्तलिखित कुणी घेतलं असेल?

युद्धाचं राहू द्या. शांततेच्या काळातही तेच होतं, फक्त सावकाश. आखातातलं वास्तव्य नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी संपली की रेसिडेन्सी संपते, आणि बहुतेक कुटुंबं परत येतात किंवा पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जातात. आज कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत, पण तिथे आजोबा होऊन नातवाला 'या हॉलमध्ये आम्ही अमुक नाटक केलं होतं' असं दाखवणारा माणूस विरळा. ज्या गावात म्हातारपण घालवायचं नसतं, त्या गावात आठवणींचं कपाटही कुणी करत नाही. घर रिकामं करताना पहिल्यांदा टाकले जातात ते कागद. स्मरणिका, फोटो, भूमिकांची नावं लिहिलेली वही, व्हीएचएस कॅसेट. शिफ्टिंगच्या खोक्यात जागा नसते.

अहमदीचं नाट्यगृह इतिहासात आहे, कारण त्याच्यामागे इमारत होती आणि इमारतीमागे फायली ठेवणारी कंपनी होती. भाड्याच्या हॉलातलं नाटक त्या रात्री साडेदहाला हॉलची किल्ली परत केली की संपतं. त्याचा पुरावा फक्त माणसांकडे उरतो. आणि माणसं विखुरतात.

विष्णुदासांनी काय केलं

शेवटी पुन्हा सांगलीला जाऊ. १८४३ च्या त्या प्रयोगाबद्दल आपल्याला इतकं का माहीत आहे? दरबाराने कौतुकाने नोंदी केल्या म्हणून नव्हे. विष्णुदास भाव्यांनी स्वतः, चाळीस वर्षांनंतर, १८८५ मध्ये 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी रचलेली पदं होती आणि हे सगळं कसं सुरू झालं त्याची हकिकतही होती. नाटकाचा धंदा त्यांनी केव्हाच सोडला होता. कुणी मागितलं नव्हतं. पण त्यांनी ते लिहून ठेवलं, म्हणून दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करू शकतो. त्यांच्या समकालीन ज्या मंडळ्यांतल्या कुणीच काही लिहिलं नाही, त्यांची आज नावंही घेता येत नाहीत.

तर तुमच्यासाठी एक काम. गृहपाठ म्हणा हवं तर. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आईला किंवा बाबांना, किंवा सोसायटीतल्या त्या काकांना, ज्यांनी प्रत्येक नाटकात बापाचं काम केलं, त्यांना हे प्रश्न विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कुठल्या वर्षी, कुठल्या हॉलमध्ये? हॉल कुणाच्या ओळखीने मिळाला, भाडं किती होतं? परवानगीसाठी कुठे जावं लागलं? संहिता कशी मिळाली, मुंबईहून कुणी आणली की झेरॉक्स केली? काही संवाद गाळले का, आणि का? तालमी कुणाच्या घरी, शेजाऱ्यांनी तक्रार केली का? सेटचा सोफा कुणाचा? बायकांना कामावरून सुटी कशी मिळाली, आणि तालमीच्या वेळी पोरांना कुणी सांभाळलं? प्रेक्षकांत अमराठी कोण कोण होतं? आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा. तुमच्या गावातले जे मराठी बांधकामावर किंवा ड्रायव्हर म्हणून कामाला होते, ते नाटकाला यायचे का, की हॉलमध्येही उत्तर, मध्य आणि दक्षिण असायचं?

हा शेवटचा प्रश्न विचारताना जरा अवघड वाटेल. वाटू द्या. अहमदीच्या साहेबांना आपण जो प्रश्न विचारतो, तो स्वतःला विचारला नाही तर तो इतिहास होत नाही, नुसती तक्रार होते.

उत्तरं तारखेसकट लिहून ठेवा. जुना फोटो सापडला तर त्याच्या मागे नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. कॅसेट असेल तर ती डिजिटल करून घ्या, कारण टेप फार काळ टिकत नाही. अगदी पानभर माहिती जमली तरी पुरे. दहा घरांतून दहा पानं आली, की आखातातल्या मराठी नाटकाच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण लिहायला बसता येईल. ते प्रकरण मी लिहीन किंवा तुमच्यापैकी कुणी लिहील, त्याने काही बिघडत नाही.

फिंतास म्हणजे प्रवासात बरोबर न्यायच्या गोड्या पाण्याची टाकी, हे मी सुरुवातीला सांगितलं. जहाजावरच्या माणसांना ती किती भरलीय हे रोज बघावं लागायचं. आपल्या टाकीत किती उरलंय, हे या आठवड्यात घरी फोन करून विचारा.